सर्वानुमते मंजूर

मी आयुष्यात कुठले शब्द सगळ्यांत जास्त वेळा लिहिले असतील? स्वतःचं नाव? छे! "सर्वानुमते मंजूर." कोसमटोल्याच्या ग्रामपंचायतीत चौदा वर्षं ग्रामसेविका होते मी, कुंदा रहांगडाले. दोनदा बदली निघाली आणि दोन्ही वेळा सरपंचांनी वर बोलून रद्द करून आणली. माझ्याइतकी सोयीची ग्रामसेविका त्यांना दुसरी कुठे मिळणार होती!

सोयीची म्हणजे काय, ते सांगते. वर्षाला चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. झेंडा फडकला, पोरांना बुंदी वाटली, की माणसं आपापल्या कामाला. सभेला उरायचे सरपंच, मी, शिपाई मोडकू आणि सावलीला बसलेली दोन कुत्री. कोरम कुठून आणायचा? मग मी दुपारी बसून न झालेल्या चर्चेचं प्रोसिडिंग लिहायची, आणि मोडकू ते रजिस्टर काखेत मारून घरोघर सह्या घेत फिरायचा. लोक चुलीवरचं दूध उतरवता उतरवता सही ठोकायचे. वाचायचं कुणी नाही. सगळीकडे असंच चालायचं, म्हणून मला त्यात कधी पाप वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, हुशारीच वाटायची.

मग दोन वर्षांपूर्वी 'पडसाद' आला.

पडसाद म्हणजे पंचायतीच्या भिंतीवर लावलेला एक पडदा आणि त्यामागे कुठेतरी दूर चालणारी गणितं. प्रत्येक मतदाराची त्यात आकड्यांची एक प्रतिकृती असते. तुम्ही आजवर कशाला हो म्हणालात, कशावर हरकत घेतलीत, कुठला अर्ज केलात, हे सगळं त्या प्रतिकृतीला शिकवलेलं असतं. तिला प्रश्न घातला की ती तुमच्यासारखंच उत्तर देते. काही गावांत आधी प्रतिकृतीला विचारलं आणि मग माणसांना, तर शंभरात चौऱ्याण्णव उत्तरं तंतोतंत जुळली, असं प्रशिक्षणात आम्हाला दाखवलं होतं. मग काय, कायदा झाला. सभेला आलात तर हात वर करा, नाही आलात तर तुमच्या जागी तुमचा पडसाद बोलेल. कोरमची कटकटच संपली. घोडं गंगेत न्हालं म्हणून सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती मी.

त्या कायद्यात आणखी एक कलम होतं. दारू पाजून, धमकावून हात वर करून घेणारे असतातच. म्हणून माणसाचं समोरचं मत त्याच्या पडसादाच्या अगदी उलटं निघालं, तर यंत्र त्याला 'दबावाची शक्यता' असा शेरा मारतं. हजर लोकांतल्या एक तृतीयांशांहून जास्त जणांना तो शेरा लागला, तर सगळी सभाच दबावाखाली झाली असं धरायचं आणि पडसादाचा कौल कायम करायचा. कल्पना वाईट नव्हती हो. शेजारच्या तालुक्यात अशीच एक विकत घेतलेली सभा या कलमाने पकडली होती.

गेल्या डिसेंबरात प्रस्ताव आला तो आमच्या तलावाचा.

कोसमटोल्याचा तलाव मोठा आहे. गावात ढिवरांची नव्वद घरं, आणि त्या नव्वदही घरांची चूल त्या पाण्यावर पेटते. पावसाळा सरला की शिंगाडा, मग वर्षभर मासळी. एका कंपनीला त्या पाण्यावर तरंगते सौर पत्रे अंथरायचे होते, या काठापासून त्या काठापर्यंत, तीस वर्षांसाठी. वीज चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? पण पत्र्यांखाली जाळं टाकता येत नाही आणि अंधारात शिंगाडा धरत नाही. आणि प्रस्तावाला ग्रामसभेची संमती हवी होती.

नोटीस लागली त्या दिवशी पार्बतामावशी पंचायतीत आली. पार्बता मारबते, वय पासष्ट, अजूनही स्वतः डोंगा वल्हवते. मी या गावात नवीन आले तेव्हा पहिली पाच वर्षं तिच्या घरी भाड्याने राहिले होते. भाडं नावाला. तिच्या हातच्या मासळीच्या रश्शावर मी इतकी पोसले, की माझ्या आईला राग यायचा.

"कुंदा, तलावाचं काय करून रायले हे?" तिने विचारलं.

"काही होत नाही मावशी. सव्वीस जानेवारीला सगळे या, समोर उभं राहून नाही म्हणा. माणूस हजर असला की त्याचाच शब्द चालतो. कायदाच आहे तसा."

"पक्कं?"

"अगदी पक्कं. मी आहे ना!"

मी आहे ना! त्या तीन शब्दांची मला आजही लाज वाटते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मुलींनी संविधानाची उद्देशिका म्हटली. दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी मी तेवढ्या वेळात बुंदीची पाकिटं मोजून घेते. या वेळी मात्र पटांगण भरलेलं होतं. दोनशे अकरा माणसं! माझ्या चौदा वर्षांत मी एवढी ग्रामसभा पाहिली नव्हती. पडदा बाहेर मांडवात आणून लावला होता. तालुक्याहून विस्तार अधिकारी निमजे साहेब आले होते. अकराला सभा सुरू झाली. यंत्र दोन तासच उघडं राहतं, एक वाजता बंद होतं, आणि तेव्हा पडद्यावर जे असेल ते वर जातं.

मी प्रस्ताव वाचला. हात वर झाले. दोनशे हात 'नाही'ला. 'हो'ला अकरा, आणि त्यात आमचा मोडकू! त्याच्या नातवाला कंपनीत नोकरी लागणार होती. बायका त्याला बघून खुसखुसल्या. सगळ्यांना वाटलं, जिंकलो.

यंत्राने प्रत्येकाचा चेहरा आणि हात टिपला. पडद्यावर नावं सरकू लागली, आणि एकेका नावापुढे पिवळा ठिपका उमटू लागला. दबावाची शक्यता. दबावाची शक्यता. बघता बघता आख्खा पडदा पिवळा झाला. खाली ओळ आली: 'एकूण मतदार ६०३. पडसादानुसार संमती ५६६. प्रत्यक्ष सभा दबावाखाली असल्याचा निष्कर्ष. पडसादाचा कौल एक वाजता कायम होईल.'

एका क्षणात मला सगळं कळलं. पडसादाला आमची माणसं कोणी शिकवली? चौकातल्या गप्पांना यंत्र फारसं वजन देत नाही, प्रमाणित कागदाला देतं. आणि आमच्या गावचा प्रमाणित कागद एकच, ग्रामसभेचं प्रोसिडिंग. बारा वर्षं, अठ्ठेचाळीस सभा, प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर, खाली सह्या, सगळ्यांत खाली माझा शिक्का. यंत्राच्या लेखी ही माणसं अशी होती, की त्यांनी जन्मात कशालाच नाही म्हटलेलं नाही. मीच घडवली होती ती माणसं, दुपारच्या वेळी पंख्याखाली बसून.

पार्बतामावशी उठून थेट पडद्यासमोर गेली.

"काहून जी, पिवळं काहून दाखवतेस मले?"

यंत्राचा आवाज गोड आहे, बाईचा. "पार्बता सदाशिव मारबते. आपले आजचे मत नाही असे आहे. आपले अपेक्षित मत हो असे आहे. मागील अठ्ठेचाळीस सभांत आपण प्रत्येक ठरावाला संमती दिली आहे. आपल्यावर कुणी दबाव आणला आहे का?"

"माह्यावर कोण दबाव आणन? माह्या नवऱ्याले नाही जमलं थे!"

मांडवात हशा पिकला.

"आपले उत्तर नोंदवले आहे," यंत्र म्हणालं. "दबावाखालील व्यक्ती बहुधा दबाव नाकारते."

हशा थांबला. कोणीतरी मागून ओरडलं, "मंग माणसानं बोलावं त कसं?" कुणी खुर्ची आपटली. निमजे साहेब हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणू लागले. त्या गलक्यात मावशी माझ्याकडे वळली.

"म्याडम, तुमी त म्हणलं होतं, माणसाचा शब्द चालते."

म्याडम. चौदा वर्षांत तिने मला पहिल्यांदा म्याडम म्हटलं. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

निमजे साहेबांनी मला आत ऑफिसात नेलं आणि दार लोटलं. माणूस वाईट नाही. मी उभीच आहे, हे बघून त्यांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली.

"साहेब, यातून काही वाट?"

"आहे एक. पण तुमच्या कामाची नाही." ते हळू आवाजात बोलू लागले. "ज्याने अभिलेख प्रमाणित केला, त्याने तो मागे घेतला तर पडसाद पुन्हा मांडणी करतो. म्हणजे तुम्ही तिथे उभं राहून सांगायचं, की ती प्रोसिडिंगं खोटी होती. मग? निलंबन आजच, आणि पाठोपाठ गुन्हा. निवृत्तीला किती राहिले तुमचे?"

"चार महिने."

"चार महिने! मॅडम, मीही ग्रामसेवकच होतो. मीही हेच केलं, सगळ्यांनी केलं. पण बोलणारी तुम्ही एकट्या असाल आणि अडकणारीही एकट्याच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तलावाचं म्हणाल, तर हायकोर्ट आहे ना. जाऊ द्या लोकांना."

हायकोर्ट! नागपूरला वकील धरून पाच वर्षं खेपा घालतील का ही माणसं? तोवर पत्रे अंथरून झाले असतील. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी सांगते, मला मोह झाला. मी खरंच मनातल्या मनात पेन्शनचे कागद चाळले. माझ्यामागे कुणी नाही, नवरा नाही, पोर नाही. म्हातारपणी पोलीस दारात आले तर मी काय करणार? भीती वाटली मला.

दार ढकलून पार्बतामावशी आत आली. निमजे साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. कमरेची बटवी सोडून तिने एक घडी घातलेला कागद काढला. "हे वळखतेस?"

ओळखला. नऊ वर्षांपूर्वीचा नागपूरच्या दवाखान्याचा कागद. सदाशिवकाका शेवटच्या दुखण्याला तिथे होते. मावशीची पोरगी बाळंतपणाला अडलेली, म्हणून सोबत मी गेले होते. चौदा ऑगस्ट ते सोळा ऑगस्ट, तीन दिवस त्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो दोघी. आणि पंधरा ऑगस्टची ग्रामसभा? ती मी त्याच बाकावर लिहिली! रजिस्टर पिशवीत नेलंच होतं. 'सभेस ११२ ग्रामस्थ उपस्थित होते. ग्रामसेविका यांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखविले.' मावशीने विचारलं होतं, काय लिवतेस? मी म्हटलं, सरकारी काम. तर ती म्हणाली, दे इकडे, मी सही करतो, तू माह्यासाठी आलीस इतक्या दूर, माह्याकून तुले तेवढंच. डोळे पुसून तिने सही केली होती. दुसऱ्या दिवशी काका गेले.

कागदावर 'रुग्णासोबत थांबणारी व्यक्ती' या रकान्यात तारखेसह माझी सही होती, तिन्ही दिवसांची. त्याखाली मावशीचीही सही, वेडीवाकडी.

"नवरा गेला तवापासून हे माह्याजवळ हाये," मावशी म्हणाली. "मघाच दाखवलं असतं त थे यंत्र खोटं पडलं असतं. पण तुहं नाव हाये याच्यावर. म्हणून नाही दाखवलं."

"आता दाखव ना मग," मी म्हटलं.

"मी नाही दाखवत." ती एकदम चिडली. "मी कायले दाखवू? तुहं पाप मी सांगू का गावाले? माहंबी पाप हाये, समजलं? न वाचता सही मीच केली. एकदा नाही, अठ्ठेचाळीस वेळा. झेंड्याले आली आन् सभेले न थांबता घरी गेली, तेबी मीच. तवा हक्क नको होता मले, शिंगाडे उकळाचे होते. आता कोणाच्या नावानं बोंबलू?" तिने कागद टेबलावर ठेवला. "हे तुह्याजवळ ठेवतो. तुले वाटलं त ने. नाही वाटलं त फाड. मी तोंड उघडणार नाही."

आणि ती गेली. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणतात ना, तसं आम्ही दोघींनी मिळून अठ्ठेचाळीस वेळा स्वतःलाच चावून घेतलं होतं. बारा वाजून चाळीस झाले होते.

मी कागद उचलला, रजिस्टरांचा गठ्ठा काढला आणि बाहेर आले. मी पडद्यासमोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी कुंदा रहांगडाले, प्रमाणित करणारी अधिकारी. या गावच्या ग्रामसभांचं इतिवृत्त खोटं आहे. मी माझं प्रमाणपत्र मागे घेते."

कुणीतरी "अगं माय" म्हणालं.

"आपले विधान ऐकले," यंत्र म्हणालं. "आपण चौदा वर्षांत एकाही अभिलेखात दुरुस्ती केलेली नाही. हे विधान आपल्या स्वभावाशी विसंगत आहे. दबावाची शक्यता." आणि माझ्या नावापुढे पिवळा ठिपका उमटला!

मला हसू आलं, आणि मग रडूही आलं. दोनशे माणसांना मी जे करून ठेवलं होतं, तेच आता माझ्या वाट्याला आलं होतं. मी खरं बोलत होते आणि माझ्याच भूतकाळाने माझं तोंड दाबून धरलं होतं.

"पुरावा आहे," मी म्हटलं आणि दवाखान्याचा कागद पडद्यासमोर धरला. शेजारी पंधरा ऑगस्टचं पान उघडून धरलं. "एकाच तारखेला मी दोन ठिकाणी आहे. नागपूरच्या बाकावर आणि इथल्या सभेत. ही मारबतेबाईही दोन्हीकडे आहे. सह्या ताडून बघ."

यंत्राने वेळ घेतला. बारा वाजून बावन्न. निमजे साहेब रुमालाने मान पुसत होते.

"विसंगती मान्य. पंधरा ऑगस्टची ती सभा वगळण्यात येत आहे. उर्वरित सत्तेचाळीस सभांच्या आधारे कौल पुन्हा मोजला आहे. संमती ५६६."

एकाही आकड्याने हलला नाही कौल! मांडवातून उसासा निघाला. निमजे साहेब झटकन माझ्याजवळ आले आणि कानाशी पुटपुटले, "थांबा आता. एका सभेची चूक निभावून नेता येईल, दुखण्याचं कारण आहे. पुढे एक अक्षर बोलू नका." त्यांचं बरोबर होतं. एका सभेवर मी कदाचित सुटले असते.

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत बसली होती, माझ्यावर डोळ्यांचाही भार नको म्हणून. तिने अंगावर येऊन भांडण केलं असतं तर मी कदाचित थांबले असते.

"सगळ्या," मी म्हणाले. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. एकही सभा भरली नव्हती. चर्चा मी लिहिली, सह्या घरोघर फिरून आणल्या."

"आणल्या त मीच!" मागून मोडकू ओरडला. म्हातारा काठी टेकत पुढे आला, नातवाची नोकरी विसरून. "रजिस्टर माह्याच काखेत होतं. लिव माहंबी नाव."

एक साक्षीदार, एक सिद्ध झालेला खोटा कागद आणि प्रमाणित करणारीचा कबुलीजबाब. यंत्राला आता माझा स्वभाव पुरेना. बारा सत्तावन्नला पडदा एकदम कोरा झाला. मग एकेक नाव परत येऊ लागलं, सहाशे तीन नावं, आणि प्रत्येक नावापुढे पिवळा ठिपका नव्हता, हो नव्हतं, नाहीही नव्हतं. एकच वाक्य होतं: 'या नागरिकाचे मत माहीत नाही. प्रत्यक्ष विचारावे.'

शाळेच्या बाई ते मोठ्याने वाचून दाखवत होत्या, न कळलेल्यांना पुन्हा सांगत होत्या. मी घाईने म्हटलं, "हात वर करा! लवकर!"

दोनशे आणि अकरा. मोडकूने या वेळीही 'हो'लाच हात वर केला. "काहून?" कुणीतरी डिवचलं. "सह्या खोट्या होत्या, नातू खरा हाये," म्हातारा म्हणाला. एक वाजला आणि पडद्यावर कौल कायम झाला.

निमजे साहेब फोनवर बोलून आले. "संध्याकाळपर्यंत आदेश येईल मॅडम. तोवर तुम्हीच ग्रामसेविका. आजचं प्रोसिडिंग लिहून घ्या." जाताना त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

मी मांडवातच बसून लिहिलं. पहिल्यांदा मला सुचेना. खरी सभा लिहायला किती वेळ लागतो! कोण काय म्हणालं, कुणी खुर्ची आपटली, अकरा जण कोण, सगळं. बोट आपसूक 'सर्वानुमते'कडे वळलं, तर खोडून 'बहुमताने नामंजूर' लिहिलं. मग सह्यांसाठी रजिस्टर पुढे केलं. सगळ्यांत आधी मावशीकडे.

तिने पेन घेतलं नाही. "वाच आधी."

"काय?"

"काय लिवलं थे वाच. सगळ्याइले आयकू येऊ दे."

मी वाचलं. दोनशे अकरा माणसं बसून ऐकत होती, मध्येच कुणी मी चुकवलेलं आडनाव दुरुस्त करत होतं. मी वाचत आले, 'श्रीमती पार्बता मारबते यांनी सदर प्रस्तावाचा फेरविचार व्हावा अशी नम्र विनंती केली.'

"थांब," मावशी म्हणाली. "मी कवा केली विनंती?"

मी पानाकडे पाहिलं. खरंच की. हाताला सवयच तशी लागलेली.

"मी नाही म्हणलं," ती म्हणाली. "विनंती खोड, आन् तेच लिव."

मी खोडलं आणि वर लिहिलं: 'नाही म्हटले.' तिने ते अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग सही केली.